गामाचा दगड आणि कुस्तीची जोड

बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही बडोदेकर त्यांना सयाजीबागेतल्या संग्रहालयात नेतो. ममी पाहून होते, देवमाशाचा सांगाडा पाहून होतो, आणि मग सगळे एका दगडापाशी थांबतात. उंची अडीच फूट, वजन १२०० किलो. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवानाने तो बडोद्यात उचलला, अशी त्याची ख्याती. पाहुणे 'बापरे' म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे जातात.

मी आयुष्यभर कारखान्यात क्रेन, साखळ्या आणि यंत्रांचे पाये यांचे हिशेब केले. इतिहासाचं वेड नंतरचं. त्यामुळे दगड दिसला की आधी गणित सुचतं. अडीच फूट म्हणजे ७६ सेंटिमीटर. तिन्ही बाजूंनी तेवढा भरीव ठोकळा आणि घनता पाण्याच्या २.७ पट धरली, तर वजन ११८५ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे आकडा अगदीच हवेतला नाही. पण आता दुसरी बाजू बघा. जमिनीवरची दांडी दोन हातांनी उचलून ताठ उभं राहण्यात ५०० किलोचा टप्पा माणसाने पहिल्यांदा गाठला तो २०१६ मध्ये, एडी हॉलने. तीही हाताच्या पकडीत बसणारी सळई, आणि उचलायची फक्त मांडीपर्यंत. मग त्याच्या दुपटीहून जास्त वजनाचा, पकड नसलेला दगड छातीपर्यंत उचलून कोणी चालेल, हे माझ्या गणितात बसत नाही. एक कड उचलून कलता केला असेल तर सुरुवातीला निम्मं वजन पेलावं लागतं. तेही येरागबाळ्याचं काम नव्हे.

मंडळाच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा दोघे-तिघे चिडले. गामाला कमी लेखलं म्हणाले. माझं म्हणणं नेमकं उलट होतं आणि तेच आज सविस्तर मांडतो. दगडाच्या गोष्टीने गामा मोठा होत नाही. पैलवानाचं मोठेपण दगडावर मोजताच येत नाही, कारण दगड उलटा डाव टाकत नाही.

आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे: जोड. मैदानात कुस्ती 'लावतात' म्हणजे जोड लावतात. वस्ताद मंडळी दोघांची वजनं, उंची, तयारी पाहतात आणि 'जोड तोलामोलाची आहे' म्हणतात. आमच्या इंजिनिअरिंगमध्येही जोडच महत्त्वाचा. दोन्ही तुकडे उत्तम पोलादाचे असले तरी जोड कच्चा असेल तर पूल पडतो. मोठी कुस्ती म्हणजे दोन मोठे पैलवान नव्हेत. त्या दोघांमध्ये जे घडतं, ती मोठी कुस्ती.

लंडनची न झालेली कुस्ती

गामाची जगभर गाजलेली कुस्ती १० सप्टेंबर १९१० ची. लंडनमध्ये, शेफर्ड्स बुशच्या स्टेडियमवर. समोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को. इनाम २५० पौंड आणि जॉन बुल पट्टा. त्याआधी ऑगस्टमध्ये गामाने अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला थोडक्या वेळात दोनदा पाठीवर टाकलं होतं, त्यामुळे गर्दी अपेक्षेने आली होती.

झालं काय? सुरुवातीलाच झ्बिस्को खाली गेला आणि गादीला चिकटून पालथा पडून राहिला. गामाने ओढलं, वळवायचा प्रयत्न केला. झ्बिस्को वजनाने कितीतरी भारी, उठायला तयार नाही. दोन तास पस्तीस मिनिटं हा प्रकार चालला आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली, त्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

आपल्याकडच्या लेखांत ही कुस्ती 'ऐतिहासिक' म्हणून येते. ऐतिहासिक होती, यात वाद नाही. पण चांगली होती का? मला विचाराल तर वाईट होती. झ्बिस्कोला नुसतं भित्रा म्हणून सोडणंही बरोबर नाही. गामासारख्याला अडीच तास पाठ न लावू देणं हे कौशल्यच आहे, आणि आपल्या हौद्यातही खाली बसून बचाव करतात. पण तो बचाव पुढच्या डावासाठी असतो. समोरच्याला दमवायचं, चूक करायला लावायचं आणि उठायचं. झ्बिस्को उठण्यासाठी बसलाच नव्हता. त्या दिवशी तोही एक दगडच झाला. फरक एवढाच की हा दगड गामाला उलटवता आला नाही.

पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणलं. पन्नाशीकडे झुकलेला झ्बिस्को यावेळी उभा राहून भिडला आणि मिनिटाच्या आत चीतपट झाला. एक लढत अडीच तासांची, दुसरी मिनिटभराचीही नाही. पहिलीत उत्तर नाही, दुसरीत प्रश्न उरत नाही. खडाखडी, पकड, सुटका, उलटा डाव, पुन्हा पकड, ही जी चढण प्रेक्षकाला हवी असते ती दोन्हीकडे नाही. गामा थोर होता. पण या दोन लढतींवरून ते कळत नाही, आणि त्यात दोष त्याचा नाही.

नखांची कुस्ती

'खरी लढत' म्हणजेच मोठी लढत, असं मानणाऱ्यांसाठी बडोद्याचंच एक उदाहरण देतो. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६० च्या दशकात, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी इथे आला होता. त्याने इथल्या नखांच्या कुस्तीचं वर्णन करून ठेवलं आहे. हाताच्या मुठीत शिंगाची नखं बांधून, नशेत असलेले मल्ल एकमेकांना ओरबाडत. रक्त खरं, जखमा खऱ्या, जिवाचा धोका खरा. यापेक्षा खरी लढत कोणती? तरीही तिला कोणी थोर म्हणणार नाही. तिथे डाव वाचायला वेळच नव्हता. बघणाऱ्याला पुढे काय होणार याची उत्सुकता नसे, किती होणार एवढीच असे.

म्हणजे नुसतं खरेपण पुरत नाही. आता उलट प्रश्न: नुसत्या खोटेपणातून मोठी कुस्ती होऊ शकते का?

वडिलांचा किंगकाँग

माझे वडील तरुणपणी मुंबईत नोकरीला होते. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्यांनी दारासिंग-किंगकाँग पाहिली होती. आमच्याकडे कोणी भांडायला लागलं की 'झाली दारासिंग-किंगकाँग सुरू' म्हणत, ते तुमच्याकडेही म्हणत असतील. मी इंजिनिअरिंगला असताना, नवीन शिंगं फुटली होती तेव्हा, त्यांना म्हणालो, "दादा, ते सगळं आधीच ठरलेलं असायचं." ते शांतपणे म्हणाले, "आम्हांला काय ठाऊक नव्हतं होय?" आणि मग किंगकाँग रिंगमध्ये कसा चढायचा, दोरी कशी बाजूला करायचा, लोकांकडे कसा बघायचा ते उठून करून दाखवलं. नंतर माझ्या लक्षात आलं, दारासिंगची नक्कल त्यांनी कधीच केली नाही. आठवणीत राहिला होता तो हरणारा.

किंगकाँगचं खरं नाव एमिल झाया. मूळचा मध्य युरोपातला, पण नाव झालं ते भारतात आणि सिंगापुराकडे. १९७० मध्ये सिंगापुरात वारला. ऐन भरात वजन २०० किलोच्या घरात. दारासिंग सव्वासहा फुटांच्या जवळचा, १३० किलोच्या आसपासचा. आता तुम्हीच बघा. दारासिंग मोठा दिसायचा तर समोर त्याहून मोठं काहीतरी हवं. ते नुसतं असून भागत नाही, आधी अजिंक्य वाटलं पाहिजे आणि मग पडलं पाहिजे. मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल असं, आणि दारासिंगच्या ताकदीमुळेच पडलो असं वाटेल असं. आणि उद्या परत पडायला उभं राहता येईल असं.

शेवटची गोष्ट तर निव्वळ यंत्रशास्त्र आहे. २०० किलोचं शरीर आपटतं तेव्हा तो धक्का जास्तीत जास्त क्षेत्रफळावर आणि जास्तीत जास्त वेळात पसरवावा लागतो. हनुवटी छातीला लावायची, पाठ आणि हात एकदम टेकवायचे, कोपर किंवा कंबर एकटी सापडू द्यायची नाही. खालच्या फळ्या थोड्या लवतात आणि आवाजही करतात. आवाज गर्दीला ऐकू जातो, लवचीकपणा मणका वाचवतो. निकाल ठरलेला असतो हो, पण पडणं खरंच असतं. शिवाय उचलून आपटणाऱ्याच्या हातात दुसऱ्याची मान असते. इतका विश्वास खऱ्या कुस्तीतही लागत नाही.

रोलाँ बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९५७ च्या आपल्या पुस्तकात अशा कुस्तीवर लिहिलं आहे. हा खेळ नव्हे, हे नाटक आहे, आणि निकाल खरा की खोटा याची प्रेक्षकाला फिकीर नसते, असं त्याचं म्हणणं. मला ते अर्धं पटतं. नाटक आहे हे मान्य. पण नटाच्या अंगात खरी कुस्ती नसेल तर ते नाटकही फिकं पडतं. दारासिंगची पकड पाहून आखाड्यात वाढलेली माणसंही मान डोलवत, कारण तो मातीतून आला होता. २९ मे १९६८ ला मुंबईत त्याने लू थेझला हरवलं. थेझ हा असली कुस्तीत मुरलेला गडी. ठरलेल्या लढतीतही दोघांना एकमेकांचं अस्सलपण ठाऊक असतं आणि ते बघणाऱ्याला जाणवतं.

नुरा आणि फसवणूक

इथे एक रेघ मात्र ओढली पाहिजे. जत्रेच्या मैदानात खरी म्हणून लावलेली, इनामाची कुस्ती आतून ठरवली तर ती 'नुरा', आणि ती फसवणूकच. लोकांशी काय करार झाला आहे, त्यावर सगळं अवलंबून आहे. हा करार दुसऱ्या बाजूनेही मोडता येतो, आणि तो मोडणारा पुन्हा आपला झ्बिस्कोच. १९२५ मध्ये अमेरिकेत वेन मन नावाचा फुटबॉलपटू ठरवून विजेता केला होता. त्याला कुस्ती फारशी येत नव्हती. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात झ्बिस्कोने ठरल्याप्रमाणे हरायचं होतं. त्याने त्या बिचाऱ्याला खरोखर धरून पुन्हा पुन्हा पाठीवर लोळवलं. डाव साधला, किताब मिळवला. पण कुस्ती म्हणून ती रद्दीच. १९१० मध्ये खऱ्या लढतीत त्याने जोड नाकारली, १९२५ मध्ये खोट्या लढतीत तोडली.

आणि तरी या माणसाने एक मोठी कुस्ती दिलीच. १९५० च्या 'नाइट अँड द सिटी' या चित्रपटात सत्तरीच्या आसपासचा झ्बिस्को एका म्हाताऱ्या पैलवानाचं काम करतो. समोर माइक माझुर्की, तोही कुस्तीगीर. गोष्टही लंडनचीच. त्या प्रसंगात डावांचा चमत्कार नाही. दोन जड शरीरं एकमेकांना आवळतात, घाम, धाप, सुटका, पुन्हा मिठी. म्हातारा जिंकतो आणि थोड्या वेळाने मुलाच्या हातांत प्राण सोडतो. सगळं लिहिलेलं, ठरलेलं. पण तो प्रत्येक पकडीला उत्तर देतो, समोरच्याला देऊ देतो. गामासमोर जे अडीच तास केलं नाही, ते त्याने कॅमेऱ्यासमोर काही मिनिटांत केलं. मिळाला तर जरूर बघा.

कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ चं. शाहू महाराजांनी ते असं बांधवलं की हौदा मधोमध आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, कुठेही बसा, कुस्ती दिसते. बांधणाऱ्याला ठाऊक होतं की शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही डाव वाचता आला पाहिजे. पैलवानालाही हेच ठाऊक असावं लागतं, मग निकाल ठरलेला असो वा नसो.

आता मंडळाला एक विनंती. आपण जुन्या पैलवानांच्या मुलाखती घेतो. प्रश्न ठरलेले: किती कुस्त्या जिंकल्या, किती दूध प्यायचा, किती जोर काढायचा? हे सगळे दगडाचे प्रश्न आहेत. गेल्या वर्षी मी एका ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांना विचारलं, "काका, तुम्हांला पाडलं कोणी?" आधी रागाने बघितलं. मग पाऊण तास बोलले. त्या दुसऱ्या पैलवानाचा पवित्रा, त्याची डाव्या हाताची सवय, त्याने कुस्ती झाल्यावर अंगावरची माती कशी झटकली, सगळं. जिंकलेल्यांपैकी एकाचंही त्यांना इतकं आठवलं नाही.

ते दुसरे पैलवान कोणत्याही यादीत नाहीत. त्यांचा दगड कुठल्या संग्रहालयात ठेवलेला नाही. ती नावं विचारणारे आपण आहोत आणि सांगणारे फार थोडे उरलेत. पुढच्या मुलाखतीला पहिला प्रश्न हाच विचारावा, ही विनंती.