४८ अंकांची किल्ली

प्रवासात लॅपटॉप चोरीस गेला तर यंत्र जातेच, पण त्यातला मजकूरही परक्या हाती पडतो. त्यावर उपाय म्हणून डिस्कवरचा सगळा मजकूर कूटबद्ध करून ठेवतात. विंडोजमध्ये हे काम ‘बिटलॉकर’ करते. २००७ साली व्हिस्टाबरोबर ते आले. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून तर बहुतेक नव्या यंत्रांवर, मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून प्रवेश केला की, हे कुलूप आपोआप लागते.

एरवी ते जाणवतही नाही, कारण किल्ली टीपीएम नावाच्या चिपकडे असते. मात्र दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, किंवा चिपला यंत्रात काही बदल झाल्याचा संशय आला, की पडद्यावर ४८ अंकांची मागणी होते.

या ४८ अंकांची रचना आम्हांला फार आवडली. सहा-सहा अंकांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो! भागाकार ६५,५३६ पेक्षा लहान, म्हणजे १६ बिटांत मावणारा. आठ गटांचे मिळून १२८ बिट. आता १२३४५३ हा गट घ्या. एकाआड एक अंकांची बेरीज ९ आणि ९, फरक शून्य. घाईत १२३५४३ लिहिले तर बेरजा ८ आणि १० येतात, आणि चूक त्याच गटात पकडली जाते. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर ही कसोटी कधीच फसत नाही. (वर्गात फळ्यावर करून पाहण्याजोगे आहे.) थोडक्यात, ही किल्ली फोनवरून वाचून दाखवण्याजोगी आहे.

आमची तक्रार पुढची आहे. आपोआप लागलेल्या कुलपाची ही किल्ली जाते त्या खात्यात, आणि कुलूप लागल्याचे मालकाला कोणी ठळकपणे सांगत नाही. परगावी खाते उघडायला दुसरे यंत्र हवे, बहुधा फोनवर येणारा सांकेतिक क्रमांकही हवा. आणि फोन त्याच पिशवीत गेला असेल तर? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरची विंडोज यंत्रे बंद पडली, तेव्हा पुष्कळ कचेऱ्यांत दुरुस्ती अडली ती याच अंकांपाशी. ॲपलच्या फाइलव्हॉल्टमध्ये किल्ली खात्यात ठेवायची की स्वतः लिहून घ्यायची, हे निदान विचारले तरी जात असे.

आम्ही सुचवू ते असे : निघण्यापूर्वी किल्ली कागदावर उतरवा आणि घरी विश्वासू माणसापाशी ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत मुळीच नको. तिथे ती चोराच्याच उपयोगी. अंक फोनवर ऐकून टंकायला दहा मिनिटे लागतील, पण ११ चा पहारा सोबत आहे.

अर्थात किल्लीने उघडते ती धडधाकट डिस्क. डिस्कच बिघडली तर अंक काय करणार? तेव्हा प्रश्नपत्रिका, गुणपत्रके यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, तीही कूटबद्ध करून, घरीच राहू द्यावी.