एंजल आयलंड: भिंतीवरचा शोक कसा वाचायचा?

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड या बेटावर १९१० ते १९४० या काळात अमेरिकेत येऊ पाहणाऱ्या चिनी लोकांना चौकशीसाठी कोंडून ठेवत. कुणाचे आठवडे जात, कुणाचे महिने. बराकीच्या लाकडी भिंतींवर त्यांनी कविता कोरल्या, बहुतेक निनावी. आपण संशोधनवाले असं काही दिसलं की लगेच ‘पुरावा’ म्हणून उचलतो. जरा थांबूया.

त्यातली एक कविता सोबत्याच्या मृत्यूची बातमी ऐकून लिहिलेली आहे. पुरावा म्हणून ती फारसं काही देत नाही. कविता म्हणून मात्र भरपूर देते. कवी थेट मृताशी बोलतो. प्रेत गावी कधी जाणार, हा त्याचा पहिला घोर. मग तो जवळजवळ रागावतोच: हे आधी कळलं असतं, तर इथं येण्याचा पस्तावाच झाला असता! आणि शेवटी उलटा वळतो: तुझी उमेद मरणानंही संपली नाही, म्हणतो. ही विसंगती आहे का? मला वाटतं, कवितेचा जीव इथंच आहे. कवी स्वतः त्याच उमेदीपायी अडकलाय. मृताची उमेद खोटी ठरवली, तर स्वतःची कशी टिकवायची?

घराच्या दिशेनं बघायच्या उंच चौथऱ्याची प्रतिमाही यात येते. ती जुन्या चिनी साहित्यातली, ठरावीक. ‘साचेबंद’ म्हणून ती सोडून देऊ नका. निनावी माणसाचं दुःख भिंतीपुढच्या पुढच्या अनोळखी कैद्याला कळतं, ते अशा सामायिक शब्दांमुळेच.

आता पद्धतीचा मुद्दा. इथं बायकांच्या कविता मिळत नाहीत. म्हणजे त्यांनी लिहिल्याच नाहीत? तसं म्हणता येत नाही. बायकांना प्रशासकीय इमारतीत ठेवत, आणि ती १९४० मध्ये जळाली. पुरुषांची बराक उरली. तीही पाडायची ठरली होती. १९७० मध्ये एका वनरक्षकाचं या अक्षरांकडे लक्ष गेलं, म्हणून वाचली.

तेव्हा ‘कैद्यांचा शोक असा असतो’ असं लिहिण्याआधी हातातला नमुना कसा उरला, ते विचारा. आपण वाचतो तो वाचलेल्या भिंतींवरचा शोक आहे. जळालेल्या भिंतींबद्दल प्रबंधात निदान एक वाक्य तरी हवंच.