सामाजिक वर्ग आणि मनोविकार

येल विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉलिंग्सहेड व मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक रेडलिक यांचा 'सोशल क्लास अँड मेंटल इलनेस' हा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. न्यू हेवन परिसरात १९५० साली उपचाराखाली असलेल्या मनोरुग्णांची गणना करून, वस्ती, व्यवसाय व शिक्षण या गमकांवरून उभयतांनी त्यांची पाच वर्गांत विभागणी केली. सर्वांत खालच्या वर्गात रुग्णांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच अधिक आढळले. तथापि तेवढ्यावरून दारिद्र्य हेच मनोविकाराचे कारण असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. त्या काळी निर्धन रुग्ण सरकारी मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे पडून राहत असे. साहजिकच कोणत्याही गणनेत तो सापडेच. नवे रुग्ण व साचलेले रुग्ण हा भेद लेखकांनी केला आहे. ग्रंथाच्या कीर्तीत मात्र एकूण आकडाच मिरवतो.

ग्रंथाचे खरे बळ उपचारांच्या विवेचनात आहे. वरच्या वर्गांच्या वाट्याला प्रामुख्याने संवादातून होणारा मानसोपचार येई, खालच्यांच्या वाट्याला विद्युत्-आघातासारखे उपाय किंवा नुसती राखण. समाजशास्त्रज्ञाने एकट्याने हे लिहिले असते, तर वैद्यकवर्गाने ती परक्याची टीका म्हणून सहज बाजूस सारली असती.