नकाराचे नाट्य

जोनाथन ग्लेझर यांचा ‘सेक्सी बीस्ट’ (२०००) हा चित्रपट दरोड्याची कथा सांगत असला, तरी त्याचे सारे नाट्य ‘नाही’ या एका शब्दात साठलेले आहे. लंडनची गुन्हेगारी सोडून स्पेनमध्ये विसावलेला गॅल नव्या कामास नकार देतो. पण तो नकार आर्जवाचा, जवळजवळ क्षमायाचनेचा. त्याला न्यावयास आलेला डॉन लोगन तो ऐकूनच घेत नाही. त्याच्या हातापेक्षा पुनरुक्तीचाच मार भारी! ही भूमिका बेन किंग्जली यांनी करावी, हा विलक्षण योग म्हटला पाहिजे. १९८२ च्या चित्रपटात गांधीजींच्या रूपाने ज्यांनी नकाराचे सामर्थ्य दाखविले, तेच येथे नकार ज्याला उमजतच नाही असा माणूस उभा करतात. दरोड्याचा उत्तरार्ध त्यामानाने सामान्य. डॉन मारला जातो खरा. परंतु तो मृत्यू झाकण्यासाठीच गॅलला अखेर लंडनला जावे लागते.