इस्पिकचा एक्का : नांव आणि निर्माता

दोन महायुद्धांच्या दरम्यान पत्ते तयार करणाऱ्या कारखान्यांचा इतिहास जुळवितांना संग्राहक बहुधा एकाच साधनावर विसंबतात. तें साधन म्हणजे इस्पिकच्या एक्क्यावर छापलेलें नांव. ज्याचें नांव त्याचा माल, असा निर्णय दिला जातो. या काळापुरता तरी तो ग्राह्य धरतां येत नाहीं.

इंग्लंडांत १८६२ पर्यंत हा एक्का सरकारी देखरेखीखालीं छापला जाई. कर भरल्याची ती खूण होती. त्या सालीं कर तीन पेन्सांवर आला व त्याची खूण जोडाच्या वेष्टनावर गेली. तेव्हांपासून एक्का ही कारखानदाराची केवळ खासगी मुद्रा झाली. हा फरक ध्यानांत न घेतां जुन्या एक्क्याचें प्रामाण्य नव्यास देणें, ही मूळ चूक होय.

तिचे परिणाम पाहावे. लंडनचा गुडॉल कारखाना १९२१-२२ च्या सुमारास डी ला रू कंपनीच्या ताब्यांत गेला. पण गुडॉल हें नांव त्यानंतरच्या पत्त्यांवरही राहिलें. अमेरिकेंत १९३० सालीं कन्सॉलिडेटेड व डौहर्टी हे कारखाने एक झाले. दोन्ही आधींच सिनसिनाटीच्या युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड कंपनीच्या मालकीचे होते. जोडनांवांत मात्र मालकाचा पत्ता नाहीं. जर्मनींत १९३१ सालीं स्ट्राल्सुंडचें काम आल्टेनबुर्ग येथें हलविलें गेलें. स्ट्राल्सुंड गांवानें कारखाना गमावला, पण त्याचें नांव कंपनीच्या नांवांत टिकलें.

आपल्याकडील नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस हा प्रकार अपरिचित नाहीं. शाहआलम १८०६ सालीं वारला. तरी फरुखाबादी रुपयावर त्याचें नांव व जुलूस ४५ हें वर्ष कंपनी सरकारनें पुढेंही चालविलें. त्या नाण्यावरून टांकसाळ बादशहाची होती असें कोणी म्हणत नाहीं. पत्त्यांस मात्र वेगळा न्याय कां ?

यावरून एक्क्यावरील नांव निरर्थक ठरतें असें नव्हे. गिऱ्हाईक कोणत्या नांवावर विश्वास ठेवीत होतें, याचा तो उत्तम पुरावा आहे. परंतु पत्ते कोणीं, कोठें व कोणाच्या भांडवलावर छापले, हें ठरविण्यास वेष्टन, करखूण व कंपनीचे कागद यांची जोड हवी. ती न घेतल्यास केवळ सनावळींतच चूक होते असें नाहीं. ज्या गांवाचें काम गेलें, तें गांवही इतिहासांतून नाहींसें होतें.