'बाळसे' की 'भर' : तरुण ताऱ्यांच्या वस्तुमानवृद्धीच्या परिभाषेविषयी

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रतिशब्दापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. संस्कृत धातूपासून एखादा शब्द बेतला की कार्य सिद्धीस गेले, असे समजण्याचा प्रघात आहे. त्या शब्दाबरोबर क्रियेची जी कल्पना मनात येते ती प्रत्यक्ष घटनेशी जुळते किंवा नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. घडणीच्या अवस्थेतील तारा आपले वस्तुमान कसे मिळवतो, या विषयावरील लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे; कारण येथे शब्दातील चूक ही सरळ भौतिकीतील चूक ठरते.

मूळ संज्ञा 'ॲक्रिशन' ही. तिच्या लॅटिन धातूचा अर्थ 'वाढत जाणे' असा आहे. नदीकाठी मळई साचून जमीन नकळत वाढते, त्या वाढीसही इंग्रजी कायद्यात हीच संज्ञा आहे. म्हणजे संथपणा हा या शब्दाच्या अर्थाचाच एक घटक होय. फ्रेड हॉइल व रेमंड लिटल्टन यांनी १९३९ साली आणि हर्मन बाँडी यांनी १९५२ साली जे गणित मांडले, त्यात तारा अगोदरच सिद्ध असून तो भोवतालचा वायू गोळा करतो. त्या चित्रास आपला 'संचयन' हा शब्द शोभतो. पुढे १९७७ साली फ्रँक शू यांनी मेघातील दाट गाभा आतून बाहेर कसा कोसळत जातो हे दाखवले. निरपेक्ष १० अंश तपमानाच्या गाभ्यातून दर वर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे ५ लाखांवा भाग केंद्राकडे येतो, असा त्यांचा हिशेब. तेव्हा सूर्याएवढा तारा घडण्यास सुमारे ५ लाख वर्षे लागावीत, आणि दर आरंभापासून अखेरपर्यंत एकच असावा. येथवर मळईची उपमा निभावते.

परंतु पडणारे द्रव्य मुकाट्याने पडत नाही. ते ऊर्जा सोडते. सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाच्या आणि तिप्पट त्रिज्येच्या बालताऱ्यावर वरील दराने द्रव्य पडत राहिले, तर त्याची तेजस्विता सूर्याच्या सुमारे १० पट भरावयास हवी. वृषभ राशीतील मेघात शोध घेता असे तारे बव्हंशी सूर्याइतकेच, किंबहुना त्याहून मंद आढळले. स्कॉट केन्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ही तफावत स्पष्टपणे पुढे मांडली. दर आरंभी मोठा व पुढे उतरता मानला तरी तिचा काही भाग मिटतो. तथापि मृगातील 'एफयू ओरायनिस' हा तारा निराळीच साक्ष देतो. १९३६–३७ मध्ये तो वर्षभराच्या आत सुमारे ६ प्रतींनी, म्हणजे जवळजवळ २५० पटींनी उजळला आणि अद्यापही पूर्ववत् झालेला नाही. ली हार्टमन व केन्यन यांनी १९८५ साली दाखवले की, हे तेज ताऱ्याचे नसून त्याच्या भोवतालच्या तापलेल्या चकतीचे आहे. अशा उद्रेकात द्रव्याचा ओघ वर्षाला सूर्याच्या १० हजाराव्या भागापर्यंत चढतो. शंभर वर्षांत गुरूसारख्या दहा ग्रहांचे द्रव्य पदरात पडते. यास 'साचणे' म्हणणे म्हणजे महापुरास झिरपणे म्हणण्यासारखे आहे.

सुबोध लेखनात 'तारा बाळसे धरतो' असा प्रयोग भेटतो. प्रयोग गोड आहे, आणि त्यामुळेच अधिक फसवा. बाळसे धरणारे मूल अंगाने भरते व दिसामासांनी मोठे होते. ताऱ्याने वस्तुमानाचा बहुतेक भाग मिळवलेला असतो तो धुळीच्या आवरणाआड, आपल्या दृष्टीस पडण्यापूर्वी. 'टी टॉरी' वर्गाचा तारा म्हणून तो प्रकट होतो, तेव्हा ओघ वर्षाला सूर्याच्या १० कोटींव्या भागाच्या आसपास उतरलेला असतो. त्या दराने १० लाख वर्षांत सूर्याच्या शंभराव्या भागाइतकीच भर पडेल. आणि या काळात तारा आकाराने फुगत नाही, आक्रसतो!

'तारा भोवतालचे द्रव्य खेचून घेतो' हे वाक्य तर इतके रूढ आहे की त्यात कोणास काही खटकत नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप त्यातील कर्त्यावर आहे. गुरुत्वाने द्रव्य केंद्राकडे का जाते, हा येथे अवघड प्रश्नच नव्हे. अवघड प्रश्न हा की, ते तेथवर पोहोचते कसे? गाभ्याचा विस्तार पृथ्वी-सूर्य अंतराच्या हजारो पट, आणि किंचित का होईना तो फिरत असतो. एवढा कोनीय संवेग घेऊन द्रव्य ताऱ्यावर पडू शकत नाही. ते भोवती चकतीच्या रूपाने फिरत राहते. चकतीतील काही द्रव्य कोनीय संवेग बाहेर वाहून नेते, काही चुंबकीय क्षेत्राच्या योगे झोतांतून दूर फेकले जाते, तेव्हा उरलेले आत सरकते. ताऱ्याजवळ त्याचे चुंबकीय क्षेत्र चकतीस अडवते, आणि तेथून वायू क्षेत्ररेषांवरून सेकंदास शेकडो किलोमीटर वेगाने पृष्ठभागावर आदळतो. त्या आघातातून निघणाऱ्या जंबुपार प्रकाशावरूनच ओघाचे मोजमाप होते. म्हणजे मिळण्यासाठी आधी गमवावे लागते, आणि 'खेचणे' या क्रियापदात या गमावण्यास जागाच नाही.

ताऱ्याचे अंतिम वस्तुमान कशावर ठरते, या वादापुरती मात्र मराठी अधिक समर्थ आहे. एका पक्षाच्या मते ते मूळ गाभ्यातच ठरलेले असते. इयन बॉनेल प्रभृतींच्या १९९७ पासूनच्या प्रतिपादनानुसार समूहातील तारे सामाईक वायूसाठी स्पर्धा करतात आणि मध्यभागी बसलेल्यास मोठा वाटा मिळतो. 'वडिलार्जित' व 'स्वकष्टार्जित' ही आपली दिवाणी जोडी येथे नेमकी बसते. अर्थात वायूचे धागे बाहेरून येऊन चकतीस मिळताना दिसू लागल्यापासून ही वाटणी पूर्वीइतकी स्वच्छ राहिलेली नाही.

मग प्रतिशब्द कोणता? 'द्रव्यग्रहण' सुचवावे, तर आकाशाच्या संदर्भात 'ग्रहण' भलतेच काही सुचवते. आमच्या मते 'भर पडणे' हा साधा प्रयोग सर्वांत निर्दोष आहे. त्यात ताऱ्याकडे कर्तेपण नाही. भर थेंबाथेंबाने पडते, तशी एकदमही पडते. २०१५ साली 'एस २५५' या क्षेत्रातील सुमारे २० सूर्यांच्या वस्तुमानाच्या बालताऱ्याचा उद्रेक नोंदला गेला, तोही या प्रयोगात सहज सामावतो. नाम हवेच असेल तर 'द्रव्यभर' चालावे, आणि 'संचयन-चकती'तील 'संचयन' गाळून नुसती 'चकती' ठेवावी.