खुराड्याचं दार कुठे ठेवायचं?

पिक्सारचा 'अप' (२००९) आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी दोनदा पाहिलाय. एकदा शाळेत असताना, फुग्यांवर उडणाऱ्या घरासाठी. आणि एकदा मोठं झाल्यावर, सुरुवातीच्या त्या काही मिनिटांसाठी. कार्ल आणि एली लग्न करतात, पॅरडाइज फॉल्सला जायचं म्हणून बरणीत पैसे साठवतात. मग कधी गाडीचा टायर फुटतो, कधी पाय मोडतो, कधी झाड छपरावर कोसळतं आणि दर वेळी बरणी फोडावी लागते. शेवटी एली जाते. संवाद नाहीत, नुसतं संगीत. त्या मिनिटांवर इतकं लिहून झालंय की मी त्यात भर घालत नाही. मला तक्रार करायची आहे ती शेवटाबद्दल.

शेवटाकडे कार्ल एलीची जुनी वही उघडतो. 'मी करणार आहे त्या गोष्टी' या पानानंतरची पानं कोरी असतील अशी त्याची समजूत असते. पण तिथे दोघांच्या संसाराचे फोटो चिकटवलेले असतात आणि तळाशी एलीचा निरोप असतो: झालं ते छान झालं, आता नवीन काहीतरी कर. मी रडले होते. तुम्हीही रडला असाल. पण हा निरोप म्हणजे पटकथेने कार्लला केलेली मदत आहे. गेलेलं माणूस सहसा अशी परवानगी लिहून ठेवत नाही. मागे राहतो तो पासवर्ड माहीत नसलेला लॅपटॉप, प्लॅस्टर न झालेली भिंत, बिजागऱ्या न लावलेलं दार. त्यात निरोप शोधायचा म्हटलं तर तो आपल्यालाच लिहावा लागतो.

माझ्या मामाने कोकणातल्या घरामागे कोंबड्यांचं खुराडं करायला घेतलं होतं. चार खांब, जमिनीपासून दोन फूट उंचीवर फळ्यांचा तळ, एक बाजू बंद. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेला नकाशा. तेवढ्यावर तो गेला. सात-आठ महिन्यांनी मामीने ते पूर्ण केलं. नकाशात दार रस्त्याच्या बाजूला होतं, तिने ते स्वयंपाकघराच्या बाजूला घेतलं, कारण रोज सकाळी अंडी गोळा करायला तीच जाणार होती. मामाने आणून ठेवलेली मोठ्या भोकांची जाळी तिने खालच्या भागाला लावलीच नाही. त्यातून मुंगूस सहज आत शिरतं. तिथे बारीक जाळी ठोकली. आत बसायला आडवी दांडी टाकली, जी नकाशात नव्हतीच. मामाचे दोन वाकडे खिळे मात्र तसेच ठेवले. 'भावनेने का गं?' असं मी विचारल्यावर म्हणाली, 'उपटले असते तर फळी फुटली असती.'

गावात सगळे म्हणाले, नवऱ्याचं स्वप्न पुरं केलंन्. मामी म्हणाली, 'स्वप्न कसलं? कोंबड्या रात्री कोंडायच्या कुठं?'

हे वाक्य ऐकल्यापासून 'दिवंगत पतीचं स्वप्न पत्नीने साकारलं' अशा मथळ्यांकडे मला सरळ बघता येत नाही. त्या मथळ्यात तिचं काम असतं, पण डोकं नसतं. दार कुठे ठेवायचं हा निर्णय कुणी घेतला, हे त्यात कधीच येत नाही. कला आणि साहित्याच्या इतिहासातही आपण हेच मथळे छापत आलो आहोत, फक्त जरा चांगल्या भाषेत.

मोत्झार्टचं 'रेक्विएम' घ्या. ५ डिसेंबर १७९१ला तो वारला तेव्हा ते अर्धवट होतं. बायको कॉन्स्टान्झेने ते पूर्ण करून घेतलं, आणि त्यामागे मोठं कारण पैशाचं होतं: आगाऊ रक्कम घेऊन झाली होती, उरलेली काम दिल्यावर मिळणार होती. तिने आधी योझेफ आइब्लरकडे दिलं, त्याने थोडं करून परत केलं, मग झ्युसमायरने संपवलं. काही भाग तर आपण स्वतःच रचले असं त्याने पुढे सांगितलं. गंमत अशी की ज्या काउंट वाल्झेगने हे संगीत मागवलं होतं, त्यालाही ते स्वतःच्या दिवंगत बायकोच्या स्मरणार्थच हवं होतं, आणि वर आपण रचलं म्हणून मिरवायचं होतं. एका शोकगीतात इतके व्यवहार! तरी ते ऐकताना काही कमी पडत नाही. 'पैशासाठी केलं' आणि 'प्रेमाने केलं' ही दोन वेगळी खाती आहेत, हा आपला हट्ट आहे.

आता आपल्याकडचं उदाहरण, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

नारायण वामन टिळक, म्हणजे फुलामुलांचे कवी, यांनी 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य लिहायला घेतलं होतं. रामायणासारखं ख्रिस्तायन. (ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगायची परंपरा त्याहून खूप जुनी. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये छापलं गेलं होतं.) टिळकांचे दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९मध्ये ते वारले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. कधीही शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईने.

आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते. फाइलमधली कुठली ओळ शेवटची कुणी लिहिली हे ती दाखवते. नाव दोष देण्याचं, पण श्रेयही त्यातच दिसतं. 'ख्रिस्तायन'वर ती चालवली तर अध्यायांच्या हिशेबाने साधारण ८५ टक्के भागापुढे लक्ष्मीबाईंचं नाव येईल. तरी वाक्य काय असतं? 'टिळकांचं अपुरं महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.' व्याकरणाने बरोबर, प्रमाणाने चूक. एखाद्याने पाया खणला आणि दुसऱ्याने सहा मजले चढवले, तर आपण दुसऱ्याला 'उरलेलं काम करणारा' म्हणत नाही.

आणि हे काम नुसतं भरघोस नव्हतं, अवघड होतं. १८९५मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या. घर मोडलं, नवरा-बायको काही वर्षं वेगळी राहिली. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतः विचार करत, अडखळत, आपल्या वेळेने. 'स्मृतिचित्रे'चा तो भाग वाचताना धर्मांतराची कथा वाचतोय असं वाटतच नाही. एक बाई आपल्या घराचा हिशेब पुन्हा मांडते आहे असं वाटतं. तेव्हा ज्या निर्णयाने संसार उधळला, त्याच निर्णयातून आलेल्या काव्याचे चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. याला 'पतीची आज्ञा' म्हणणं आळशीपणाचं आहे. नकाशा नवऱ्याचा असेल, पण तोवर त्या घरात त्या स्वतःच्या दाराने शिरल्या होत्या.

माझ्या मित्रमंडळींत 'स्मृतिचित्रे' वाचलेले पुष्कळ आहेत, 'ख्रिस्तायन' वाचलेला एकही नाही. धार्मिक महाकाव्य आज कोण वाचणार, हे कारण अर्धंच खरं आहे. दुसरं अर्ध असं, की पूर्ण करून दिलेल्या वस्तूला आपण मुळात दुय्यम धरतो. 'स्मृतिचित्रे'चंही नशीब बघा. १९५०मध्ये इंग्रजीत अनुवाद आला, त्याचं नाव 'आय फॉलो आफ्टर', म्हणजे मी मागून येते. २०१७मध्ये शांता गोखल्यांचा अनुवाद आला, त्याचं उपशीर्षक 'मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ'. सदुसष्ट वर्षांत ती मागून चालणारीची तडफदार बायको झाली. बढती आहे, नाही असं नाही. पण मराठी नावात नवरा कुठेच नाही, आहेत ती नुसती चित्रं, आणि ती काढणारी कोण हे पहिल्या पानापासून कळतं.

बाकी 'अप'वर मी जरा अन्याय केला. त्यातही एक जागा आहे जिथे कार्ल मामीसारखा वागतो. वही वाचून झाल्यावर त्याला रसेलच्या मदतीला जायचं असतं, पण घर आता वर उठत नाही. मग तो दोघांचं सामान, जपून ठेवलेल्या आरामखुर्च्यासुद्धा, बाहेर टाकतो आणि घर उडवतो. एलीच्या चित्रात हे नव्हतं. सिनेमाने तो निरोप आधी दाखवला नसता आणि कार्लला हा निर्णय परवानगीशिवाय घ्यावा लागला असता, तर तो मला अजून आवडला असता.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ला गेल्या, तेव्हा 'स्मृतिचित्रे'ही पूर्ण झालं नव्हतं. शेवटचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी लिहिला. त्यामुळे पुस्तक त्यांचं झालं असं कुणी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण जवळजवळ सगळं आईने लिहून झालं होतं. मग 'ख्रिस्तायन'ला हाच नियम का लागत नाही? बहुतेक वाचक टिळक गेले की 'स्मृतिचित्रे' मिटवतात, कारण त्यांना वाटतं गोष्ट संपली. टिळकांनंतर लक्ष्मीबाई जवळजवळ सतरा वर्षं जगल्या. त्या चौसष्ट अध्यायांची शाई त्या सतरा वर्षांतली आहे.